कपातीचे पाच टक्के नेमके कोणाकडून?

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागातून हे पत्र आले आहे. पत्रलेखिकेने यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतल्यावर आधी क्वालिटीत काम केले आणि गेली चार वर्षे त्या पर्चेसमध्ये आहेत. वर्षाला सुमारे ९ कोटी रुपयांची खरेदी त्यांच्या हातून होते. त्यातले दोन तृतीयांश काम स्टील, फोर्जिंग आणि बेअरिंग पुरवणाऱ्या तीन मोठ्या पुरवठादारांकडे आहे आणि उरलेले लहान वर्कशॉपमध्ये वाटलेले आहे. यंदा व्यवस्थापनाने त्यांना ५ टक्के खर्चकपातीचे लक्ष्य दिले आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे मालक, ज्यांना त्या ‘काका’ म्हणतात, गेली चौदा वर्षे कंपनीला टर्निंगचे (लेथवर कातून घडवलेले) भाग देतात. हे काम वर्षाला सुमारे ६० लाखांचे आहे, रेट तीन वर्षांपूर्वीचा आहे, बिले नव्वद दिवसांनी निघतात आणि मजुरी वाढली म्हणून काका दोनदा रेटवाढ मागून गेले आहेत. आता एका नव्या पुरवठादाराने त्याच भागांसाठी ११ टक्के कमी कोटेशन दिले आहे. ‘ते कागद काकांपुढे ठेवा आणि पाच टक्के उतरवून घ्या, नाहीतर महिनाअखेरीस काम हलवा,’ असे साहेबांनी सांगितले आहे. त्या लिहितात, ‘नवखी असताना काकांनी मला मशीनपाशी उभे करून ड्रॉइंग वाचायला शिकवले. पर्चेसमध्ये मन ठेवून चालत नाही, असे साहेब म्हणतात. मला ते जमत नाही. मी या कामाला लायक नाही का? परत क्वालिटीत बदली मागू का?’

उत्तर :

तुमच्या पत्रात एकीकडे काका आहेत आणि दुसरीकडे नोकरी. हा पेच मन आणि व्यवहार यांच्यातला आहे, असे तुम्ही धरून चालला आहात आणि तुमच्या साहेबांनीही तो तसाच मांडला आहे. मला मात्र तुमचे पत्र वाचताना मनापेक्षा व्यवहाराचीच बाजू अधिक कच्ची वाटली, म्हणून मी आधी आकड्यांकडे वळतो.

९ कोटींचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख रुपये. काकांच्या ६० लाखांचे ५ टक्के म्हणजे ३ लाख. काकांनी उद्या हात जोडून तुमचे सगळे म्हणणे मान्य केले, तरी तुमच्या लक्ष्याचा पंधरावा हिस्सा पुरा होतो आणि ४२ लाख शिल्लक राहतात. तीन मोठ्या पुरवठादारांकडे तुमचे ६ कोटी रुपये जातात, म्हणजे तिथे नुसता एक टक्का निघाला तरी ६ लाख होतात, काकांकडून मिळू शकणाऱ्या रकमेच्या दुप्पट. तरीही तुमच्या सबंध पत्रात त्या तिघांविषयी ‘त्यांचे रेट वरूनच ठरतात’ एवढे एकच वाक्य आहे. ते वाक्य तपासून पाहिले आहे का, असे मला तुम्हाला विचारावेसे वाटते. मोठ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी सहज नमत नाही, त्याच्याशी बोलायला तयारी लागते आणि तो ‘नाही’ म्हणाला तर आपल्या हाती काही नसते. भोसरीच्या काकांना मात्र एक फोन केला की ते दुपारी येऊन रिसेप्शनवर बसतात. पैसा आहे तिथे न जाता माणूस वाकतो तिथे जाण्याची ही सवय खरेदी विभागांत इतकी मुरलेली आहे की तिलाच कठोर व्यवहार समजले जाते. वास्तविक हा व्यवहारही नाही आणि कठोरपणाही नाही.

तेव्हा पहिले दोन आठवडे मेहनत त्या तिघांवर करा. फोर्जिंगचा रेट ठरला तेव्हा डायचा (भाग घडवण्याच्या साच्याचा) खर्च ठरावीक नगांवर वाटून प्रत्येक नगाच्या भावात घातला होता का, आणि तेवढे नग केव्हाच पुरे होऊनही ती रक्कम अजून बिलात येत आहे का, हे जुनी फाइल काढून पाहा. मी पाहिलेल्या खरेदी विभागांत ही गोष्ट इतक्या वेळा निघते की ती न तपासणे मला चुकीचे वाटते. फोर्जिंगला किती वजनाचे मटेरियल लागते, फ्लॅश (कडेने बाहेर येणारे जादा मटेरियल) किती जाते आणि त्या भंगाराचे पैसे भावातून वजा होतात का, हेही विचारा. स्टीलच्या भावात मूळ दरावर ग्रेडसाठी आणि साइझसाठी वेगळे जादा शुल्क लावलेले असते. तुम्ही मागवता ती साइझ खरोखर आवश्यक आहे की कधीकाळी कोणी लिहिली म्हणून चालू आहे, हा प्रश्न डिझाइन विभागाला विचारण्याजोगा आहे. बेअरिंगच्या बाबतीत वर्षभराचे शेड्यूल एकत्र देऊन त्यावर प्रमाणानुसार सूट मागता येते आणि ग्राहकाने मान्य केलेला दुसरा ब्रँड असेल तर त्याचेही कोटेशन घेता येते. यातून ४५ लाख निघतीलच असे मी म्हणत नाही. पण पाच टक्के हे तुमच्या एकूण खरेदीवर मोजायचे आहेत आणि प्रत्येक पुरवठादाराकडून सारखेच काढायचे नाहीत, एवढे साहेबांशी स्पष्ट करून घेतले तरी तुमच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरेल.

आता काकांच्या भागाकडे येऊ. त्यांचा रेट योग्यच आहे असे तुम्ही मानता, कारण ते कष्टाळू आहेत आणि त्यांनी तीन वर्षे वाढ घेतलेली नाही. साहेब तो महाग मानतात, कारण दुसऱ्याचा कागद ११ टक्क्यांनी कमी आहे. दोघांनीही तो रेट उघडून पाहिलेला नाही. एक नमुना घेऊन दाखवतो. यातले आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. समजा, काकांच्या एका भागाचा रेट १४० रुपये आहे. त्याला १.२ किलो बार (स्टीलची कांब) लागतो, किलोला ७० रुपयांप्रमाणे ८४ रुपये झाले. तयार भागाचे वजन ०.७८ किलो, म्हणजे ०.४२ किलोच्या चिप्स निघतात आणि भंगारात किलोला ३० रुपये धरले तर १२ रुपये ६० पैसे परत येतात. निव्वळ मटेरियल ७१ रुपये ४० पैसे. सीएनसीवर (संगणकनियंत्रित लेथवर) साडेचार मिनिटे, तासाला ४०० रुपयांप्रमाणे ३० रुपये. व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर) दोन मिनिटे, तासाला ६०० रुपयांप्रमाणे २० रुपये. पॅकिंग आणि टेम्पोभाडे ३ रुपये. ही बेरीज १२४ रुपये ४० पैसे होते. उरलेल्या १५ रुपये ६० पैशांत मशीनची सेटिंग, इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराची बदलता येणारी धार), रिजेक्शन, ऑफिसचा खर्च, बँकेचे व्याज आणि काकांचा नफा हे सारे बसवायचे असते. तुम्ही मागता ते पाच टक्के म्हणजे ७ रुपये, आणि ते ७ रुपये १४० मधून जात नाहीत. स्टीलवाला काकांना सूट देणार नाही, ऑपरेटरचा पगार कमी होणार नाही. ते या १५ रुपये ६० पैशांतून जातात, म्हणजे जवळजवळ निम्मे. हे न मांडता मागितलेली कपात पुढे कुठून तरी बाहेर पडतेच : इन्सर्ट जास्त वेळ वापरला जातो, तपासणी सैल होते किंवा बार थोडा हलक्या ग्रेडचा येतो. क्वालिटीत काम केलेल्या माणसाला हे मी सांगायला नको.

या हिशेबात एक गोष्ट अजून धरलेली नाही, ती म्हणजे नव्वद दिवस. ६० लाखांच्या वार्षिक कामाची बिले नव्वद दिवसांनी निघतात याचा अर्थ काकांचे सुमारे १५ लाख रुपये, जीएसटी वेगळा, कायम तुमच्या कंपनीकडे अडकलेले असतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि लेखी करारातसुद्धा ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. म्हणजे काकांचे वर्कशॉप सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदलेले असेल, आणि १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादांनुसार ते बहुधा सूक्ष्म उद्योगातच बसेल, तर तुमच्या पीओवर (खरेदी आदेशावर) छापलेले ‘९० दिवस’ कायद्यापुढे टिकत नाहीत. या जादा ४५ दिवसांचे व्याज वर्षाला १२ टक्के धरले, तर ते खरेदीच्या सुमारे दीड टक्का होते, साधारण ८९ हजार रुपये. काका ही दीड टक्क्याची सूट तुम्हाला आधीपासून देत आहेत, फक्त ती कोणाच्याही कपातीच्या तक्त्यात दिसत नाही. (तुम्ही म्हणाल, मग त्यांनी तक्रार का केली नाही? अशा तक्रारींसाठी सरकारचे समाधान पोर्टल २०१७ मध्येच सुरू झाले. पण ज्याच्या पीओवर घर चालते त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवणारे वर्कशॉपवाले मला फारसे भेटलेले नाहीत.)

साहेबांशी बोलताना या मुद्द्याचा उपयोग दयेसाठी करू नका, कंपनीच्या हितासाठी करा. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात घातलेली, लेखा विभागात ‘४३बी(एच)’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद त्यांच्या परिचयाची असेल. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीनंतरही थकलेले राहिले, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस मिळतो. ३१ मार्चला अशी थकलेली बिले पुस्तकात असली की कंपनीचे करपात्र उत्पन्न तेवढ्याने वाढते, आणि उशिरावरचे व्याज तर वजावटीस पात्रच नसते. शिवाय ४५ दिवसांवरच्या अशा थकबाकीचे अर्धवार्षिक विवरण कंपनीला कंपन्यांच्या निबंधकाकडे द्यावे लागते. काही ठिकाणी यावर एक पळवाट काढलेली मी पाहिली आहे, ती म्हणजे स्टोअरमध्ये जीआरएन (माल मिळाल्याचा नोंदीचा कागद) अडवून ठेवायचा, म्हणजे दिवस उशिरा मोजायला सुरुवात होईल. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर तो मिळाला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा धरतो, त्यामुळे ती पळवाट उपयोगाची नाही. तुमच्या कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या ‘ट्रेड्स’ या बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी करणे तिला बंधनकारक आहे. तिथे काकांचे बिल तुमच्या कंपनीने मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि काकांना काही दिवसांत रोख मिळते, तेही बहुधा त्यांच्या स्वतःच्या कर्जापेक्षा कमी व्याजाने, कारण पत तुमच्या कंपनीची मोजली जाते. नोंदणी झाली असेल आणि वापर होत नसेल, हेही शक्य आहे. वित्त विभागात एकदा विचारून या.

हे सगळे हातात घेऊन तुम्ही भोसरीला जा. काकांना चाकणला बोलावू नका. जाण्याआधी त्यांना फोनवर सांगा की मी रेटविषयीच येत आहे, कमी कोटेशन आले आहे आणि मला तुमच्याबरोबर बसून भाग मशीनवर पाहायचा आहे. हे आधी सांगणे महत्त्वाचे आहे, नाहीतर चहा झाल्यावर विषय काढला की तो विश्वासघात वाटतो. तिथे पाहण्यासारख्या गोष्टी तुम्हाला आपोआप दिसतील, कारण त्यांच्याकडूनच तुम्ही पाहायला शिकलात. तुमच्या कंपनीचे शेड्यूल दर आठवड्याला बदलते म्हणून काका २०० नगांसाठी सेटिंग लावतात का? दीड तासाच्या सेटिंगचे ६०० रुपये २०० नगांवर वाटले तर नगाला ३ रुपये पडतात, ६०० नगांवर वाटले तर १ रुपया. महिन्याचे पक्के शेड्यूल देणे तुमच्या हातात असेल तर हे २ रुपये कोणाच्याही पोटावर पाय न देता मिळतात. बार कापताना लांबी थोडी आवळता आली आणि ४० ग्रॅम वाचले, तर भंगाराची किंमत वजा जाता १ रुपया ६० पैसे वाचतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी तुमच्या कंपनीचे परत येणारे क्रेट दिले तर रुपयाभर वाचू शकतो. एखादी टॉलरन्स (मापातली मान्य तफावत) किंवा फिनिश ड्रॉइंगवर उगाच कडक आहे का, हे काकांना नक्की ठाऊक असेल. चौदा वर्षांत त्यांना तो प्रश्न कोणी विचारला नसेल, एवढेच.

पैसे वेळेवर देण्याच्या बदल्यात सूट मागावी का, हा प्रश्न नाजूक आहे. ४५ दिवसांत पैसे देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, त्यामुळे त्या मोबदल्यात काही मागणे मला पटत नाही. पण ४५ ऐवजी १५ दिवसांत पैसे देण्याची तयारी दाखवता आली तर त्या ३० दिवसांचा सुमारे एक टक्का, म्हणजे नगाला १ रुपया ४० पैसे, ही खरी देवघेव होते आणि ती मोकळेपणाने बोलता येते. या उदाहरणात चारही गोष्टी जमल्या तर ६ रुपये होतात. ते सगळे कंपनीने घ्यावेत असे मला वाटत नाही, कारण काकांची मजुरीची मागणीही खोटी नाही. समजा कंपनीने ४ रुपये घेतले आणि २ काकांकडे राहिले, तर रेट सुमारे ३ टक्क्यांनी उतरतो. ‘पाच मागितले होते, तीन आणले, आणि ते टिकणारे आहेत’ हे वाक्य साहेबांपुढे बोलताना मान खाली घालायचे कारण नाही. त्याबरोबर पुढच्या वर्षीसाठी स्टीलचा भाग रेटपासून वेगळा काढून दर तिमाहीला बाजारभावानुसार वर-खाली करण्याचे कलम घाला. मग स्टील उतरले की फायदा कंपनीचा आणि चढले की काकांना हेलपाटे नाहीत.

नव्या कोटेशनकडे तुम्ही शत्रू म्हणून पाहता, तसे पाहू नका. ते कोटेशन कोणत्या तारखेच्या स्टीलभावावर आहे, माल चाकणला पोच आहे की त्यांच्या दारात, भाग पकडण्याचे फिक्स्चर आणि मोजण्याचे गेज यांचा खर्च कोण करणार, मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट मिळणार का आणि पैसे किती दिवसांनी अपेक्षित आहेत, हे विचारल्यावर ११ टक्क्यांतले किती उरतात ते पाहा. वाहनउद्योगात पुरवठादार बदलायचा तर ग्राहकाला कळवून नव्याने पीपीएपीची (भागाच्या उत्पादनाला ग्राहकाने द्यायची) मंजुरी घ्यावी लागते, त्यामुळे महिनाअखेरीस काम हलवणे ही धमकी साहेबांनाही प्रत्यक्षात आणता येणार नाही. मात्र एवढे करूनही तो पुरवठादार चांगला आणि खरोखर स्वस्त निघाला, तर त्याला काही भागांचे काम देऊन उभे करणे हेच तुमचे कर्तव्य ठरते. चौदा वर्षे एकाच वर्कशॉपवर विसंबून असलेली लाइन हा कंपनीचा धोका आहे. काकांची मशीन बंद पडली तर? काकांनंतर वर्कशॉप कोण पाहणार आहे? हे प्रश्न तुम्ही त्यांना आदराने विचारू शकता, आणि विचारायला हवेत. काम टप्प्याटप्प्याने कमी होणार असेल तर ते त्यांना सहा महिने आधी कळले पाहिजे, म्हणजे ते दुसरे गिऱ्हाईक शोधू शकतील.

एक गोष्ट मात्र करू नका. त्या नव्या माणसाचे कोटेशन काकांपुढे ठेवू नका. ‘कमी भाव आला आहे’ हे सांगणे योग्य आहे. त्याचे नाव आणि रेट असलेला कागद दाखवणे हा त्याचा विश्वास मोडणे आहे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात असा कागद दाखवला गेल्याची बातमी आठवड्यात फिरते आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी खरा भाव देत नाही. साहेबांना हे कारण पटेल, कारण ते सोयीचे आहे.

आता तुमच्या मनाविषयी. तुम्हाला जो त्रास होतो आहे तो न्यायाचा आहे की ऋणाचा, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. तुमच्या यादीतल्या, ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत अशा दुसऱ्या एखाद्या वर्कशॉपचीही बिले नव्वद दिवसांनीच निघत असतील. त्यांच्याकडून पाच टक्के मागताना तुमची अशीच झोप उडाली होती का? मागताना काही वाटले नसेल, तर साहेबांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि त्यावरचा उपाय मन काढून टाकणे हा नाही. काकांसाठी जो हिशेब कराल तोच सगळ्यांसाठी करणे हा आहे. काकांशी जुना संबंध आहे, त्यांनी शिकवले आहे, हे साहेबांना आधीच सांगून ठेवा आणि रेटचा अंतिम कागद दोघांच्या सहीने होऊ द्या. दिवाळीला त्यांच्याकडून येणारा मिठाईचा बॉक्स कंपनीच्या नियमात बसत असेल तर विभागात सगळ्यांसमोर उघडा. त्यापलीकडचे काही आले तर नम्रपणे परत पाठवा. ‘काका’ म्हणणे सोडायची गरज नाही.

बदलीचा अर्ज सध्या लिहू नका. बदली मागण्याची वेळ कधी येते, याची माझी खूण साधी आहे : खोटी डेबिट नोट (पुरवठादाराच्या बिलातून रक्कम कापण्याचा कागद) काढायला सांगितले, एकाचा भाव दुसऱ्याला द्यायला लावले किंवा पीओची तारीख मागे टाकायला सांगितली, आणि तुम्ही लेखी नकार दिल्यावरही ते थांबले नाही, तर तिथून निघा. कठीण लक्ष्य मिळणे हे त्यात येत नाही. भाग पाहून त्याचा खर्च ओळखणारी आणि बनवणाऱ्याची अडचण समजणारी माणसे खरेदी विभागात कमी असतात, आणि क्वालिटीतून आल्यामुळे हे दोन्ही तुमच्याकडे आहे.

या आठवड्यात साहेबांना एक छोटा ईमेल लिहा. त्यात तीन मोठ्या पुरवठादारांच्या तपासणीचे वेळापत्रक द्या, काकांच्या भागाचा खर्चनिहाय तक्ता करण्यासाठी तीन आठवडे मागा, नव्या कोटेशनमध्ये कोणती माहिती अपुरी आहे ते लिहा आणि उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादारांच्या ४५ दिवसांवरील बिलांची यादी सोबत जोडा. प्रत लेखा विभागाला पाठवण्यापूर्वी साहेबांना तोंडी कल्पना द्या, कारण ती यादी पाहून पहिला फोन त्यांनाच येणार आहे.